मात्रा कोणीं ठरवावी?

आमच्या भाषेंत मात्रा हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वैद्य सहाणेवर उगाळून देतो तिलाही मात्रा म्हणतात, आणि ती किती द्यावी त्या प्रमाणालाही मात्राच म्हणतात. औषध आणि त्याचें प्रमाण हीं दोन वेगळीं नव्हेतच, असें हा शब्द करणारांस वाटलें असावें. आज जो प्रश्न आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों, तो याच शब्दाविषयींचा आहे. भांग घालून केलेले जे खाण्याचे पदार्थ, मग तें आमच्या इकडचें माजूम असो, थंडाई असो, किंवा परदेशांत दुकानांतून विकत मिळणारी मिठाई असो, त्यांची ‘योग्य मात्रा’ म्हणून कांहीं आहे काय? आणि असल्यास ती कोणीं ठरवावी?

हा प्रश्न आम्हीं पुस्तकांतून काढलेला नाहीं. कांहीं महिन्यांपूर्वीं मंडळींतील एक वृद्ध भगिनी संध्याकाळच्या उपासनेनंतर थांबली. तिच्या पतीस हाडांचें असाध्य दुखणें होतें; रात्ररात्र त्यास झोंप येत नसे. कोणा नातलगानें माजुमाच्या चार वड्या आणून दिल्या होत्या. पदराआडून कागदाची पुडी काढून तिनें विचारिलें, “पाळकसाहेब, यांतलें किती द्यावें?” आम्हीं पुडीकडे पाहिलें, आणि “बाई, ही वस्तु आपल्या घरांत आलीच कां?” असें म्हणून नशेच्या दुष्परिणामांवर तिला पाव तास ऐकविलें. ती पुडी बांधून मुकाट्यानें निघून गेली. तिनें ‘किती’ म्हणून विचारिलें होतें. आम्हीं ‘कां’ म्हणून दटाविलें. चार दिवसांनीं कळलें कीं, त्या रात्रीं तिनें पतीस अर्धी वडी दिली, तासभर कांहीं होईना म्हणून उरलेली अर्धीही दिली, आणि मग मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत तो बिचारा आपण मरत आहों असें ओरडत, भिंतीस हात धरून बसून होता. तो त्यांतून बरा झाला. परंतु त्या रात्रीचा कांहीं दोष आमच्या पदरीं आहे, हें आम्ही जाणून आहों, आणि म्हणूनच हा लेख लिहीत आहों.

“तासभर कांहीं होईना, म्हणून आणखी दिलें.” या एका वाक्यांत या विषयाची सारी अडचण सांठविलेली आहे. भांग व गांजा यांतील मादक द्रव्यास रसायनशास्त्रांत टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल असें लांबलचक नांव आहे. संक्षेपानें त्यास टीएचसी म्हणतात. धूर ओढिला असतां हें द्रव्य फुप्फुसांतून रक्तांत व तेथून मेंदूंत कांहीं मिनिटांतच पोहोंचतें; म्हणून ओढणारास आपलें किती झालें तें लवकर कळतें. खाल्लें असतां वाट निराळी आहे. पदार्थ पोटांत जिरतो, रक्त त्यांतील द्रव्य प्रथम यकृताकडे नेतें, आणि यकृत त्याचें एका दुसऱ्या द्रव्यांत रूपांतर करितें. हें दुसरें द्रव्य मेंदूंत अधिक सहज शिरतें आणि त्याचा अंमलही जबर असतो. या सर्वांस अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. अंमलाचा भर दोन ते चार तासांनीं येतो, आणि तो उतरावयास सहा ते आठ तास, केव्हां केव्हां बारा तासही लागतात. पोट रिकामें होतें कीं भरलेलें, जेवणांत तूप होतें कीं नव्हतें, यकृताची शक्ति जन्मतः कशी आहे, पूर्वींची संवय आहे कीं नाहीं, अशा प्रत्येक गोष्टीनें हिशेब बदलतो. एकच वडी दोघां भावांनीं अर्धी अर्धी खाल्ली, तरी एक हंसत बसेल आणि दुसऱ्याची छाती भीतीनें धडधडूं लागेल.

ही अडचण नवी नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत भांगेची गणना व्यवायी द्रव्यांत केली आहे. म्हणजे जें पचण्यापूर्वींच सर्व शरीरांत पसरतें, तें द्रव्य. १८३८ सालीं कलकत्त्यास डॉक्टर विल्यम ओ’शॉनेसी यांनीं संधिवाताच्या तीन रोग्यांस या वनस्पतीच्या राळेचा एकेक ग्रेन, म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम, एकाच वेळीं दिला. दोन तासांनीं एक रोगी बडबडूं व गाऊं लागला, आणि रात्रीं तर तो निश्चेष्ट होऊन त्याचे हातपाय जसे ठेवावे तसेच राहूं लागले. दुसऱ्या एकावर कांहींच परिणाम झाला नाहीं. चौकशीअंतीं कळलें कीं, त्यास गांजा ओढण्याची संवय होती. औषध तेंच, वजन तेंच, वेळ तीच. आणि एक बेशुद्ध तर एक जसाच्या तसा. पुढें या वनस्पतीचे अर्क विलायतेंत पुष्कळ वर्षें औषध म्हणून चालले; पण एक बाटली कडक तर दुसरी निर्जीव, असा अनुभव येऊं लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ब्रिटन व अमेरिका या देशांच्या औषधकोशांतून ती गळाली, त्याच्या कारणांपैकीं हें एक होतें. मादक द्रव्य नेमकें कोणतें, हें १९६४ सालीं इस्राएल देशांत गाओनी व मेशूलम या शास्त्रज्ञांनीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढिलें तेव्हां निश्चित झालें. तोंपर्यंत तराजू होता, पण त्यांत काय तोलावयाचें हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

आतां द्रव्य ठाऊक आहे, आणि मिलिग्रॅमही मोजतां येतात; मग प्रश्न सुटला काय? अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यांत १ जानेवारी २०१४ पासून हे पदार्थ दुकानांत उघडपणें विकूं लागले. तेथें १० मिलिग्रॅम टीएचसी हें एका वेळचें माप ठरविण्यांत आलें. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यांत १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें एक बिस्किट खाल्लें. त्यांत ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतें, आणि एका वेळीं त्याचा सहावा भागच खावा असें दुकानदारानें बजाविलें होतें. त्यानें आरंभीं तितकाच खाल्ला. अर्धा-एक तास कांहीं वाटेना, तेव्हां उरलेलें सर्व बिस्किट खाल्लें. पुढील दोन तासांत त्याचें बोलणें व वागणें भ्रमिष्टासारखें झालें, आणि पहिल्या घांसापासून सुमारें साडेतीन तासांनीं चौथ्या मजल्याच्या सज्जावरून उडी घेऊन तो मरण पावला. पुढील वर्षीं त्या राज्यानें प्रत्येक १० मिलिग्रॅमचा तुकडा वेगळा असावा किंवा त्यावर तशी खूण असावी, असा नियम केला. कॅनडानें २०१९ सालीं हे पदार्थ विकण्यास मोकळीक दिली तेव्हां सबंध पुडक्यांतच १० मिलिग्रॅमहून अधिक नसावें असें ठरविलें. पहा, एका सरकारचें एका घांसाचें माप तें दुसऱ्या सरकारचें सबंध पुडक्याचें माप! अमेरिकेच्या शास्त्रीय संस्थेनें तर २०२१ सालीं संशोधनासाठीं ५ मिलिग्रॅम हें एकक धरिलें. आणि छापलेला आंकडा तरी खरा असतो काय? २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत अमेरिकेंतील तीन शहरांतून औषधी म्हणून विकले जाणारे असे ७५ पदार्थ तपासले. त्यांपैकीं शेंकडा १७ पदार्थांवरचाच आंकडा बरोबर निघाला. कारखान्याच्या मिठाईची ही गति, तर घरच्या कढईंत ढवळलेल्या माजुमाच्या कोणत्या वडींत किती उतरलें, हें करणारा तरी कसें सांगणार?

येथवर आम्हीं एक बाजू सांगितली. परंतु न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण सत्याच्या कामीं अतिशयोक्ति ही मोठी वाईट साक्षीदार आहे. १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमिला. त्याच्या तीन हिंदी सभासदांपैकीं कपुरथळ्याचे कुंवर हरनामसिंग हे ख्रिस्ती होते. आयोगानें देशभर हिंडून सुमारें बाराशें साक्षी घेतल्या, आणि १८९४ सालीं असा निर्णय दिला कीं, माफक सेवनानें सामान्यतः म्हणण्यासारखी हानि होत नाहीं, अतिरेकानें होते, आणि अतिरेक करणारे थोडे आहेत; म्हणून सरसकट बंदी करूं नये. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या पाहतां असें आढळलें कीं, पुष्कळ रोग्यांच्या नांवापुढें ‘गांजा’ हें कारण कांहींएक चौकशी न करितां लिहून टाकिलें होतें. नशाबंदीची कळकळ असणारांनीं हा धडा विसरूं नये. आपला पक्ष चांगला असला म्हणून आपला पुरावा आपोआप चांगला होत नाहीं. त्या वृद्ध भगिनीस आम्हीं जें पाव तास ऐकविलें, त्यांतही अशा नोंदवह्यांसारखा मजकूर थोडाथोडका नव्हता.

तर मग ‘माफक’ हा शब्द आम्हीं मान्य करावा काय? येथेंच खरा विचार सुरू होतो. कोणतीही गोष्ट मापावयाची म्हटली म्हणजे तीन गोष्टी लागतात : मापावयाची वस्तु, मापणारा, आणि कशासाठीं मापावयाचें तो हेतु. शिंप्याच्या दुकानांत कापड असतें, गज हातीं घेणारा शिंपी असतो, आणि ज्याच्या अंगीं सदरा बसवावयाचा तो मनुष्य असतो. या तिहींपैकीं एक जरी नसेल, तर कात्री चालवूं नये.

वस्तूविषयीं वर सांगितलें. आतां मापणाराचा विचार करूं. मीठ, चहा, तूप यांचेंही प्रमाण असतें. मग भांगेविषयींच एवढा बाऊ कां, असें आमचे एक विद्वान स्नेही आम्हांस विचारतात. त्यांस आम्ही उत्तर देतों कीं, मीठ अधिक पडलें तर जीभ तत्काळ सांगते, आणि मीठ खाल्ल्यानें जीभ खोटें बोलूं लागत नाहीं. परंतु या पदार्थांचा गुणच असा कीं, ज्या बुद्धीनें ‘आतां पुरे’ असें म्हणावयाचें, तिच्यावरच ते अंमल चालवितात. अंमल येण्यापूर्वीं मापणारास कांहींच कळत नाहीं, आणि अंमल आल्यावर मापणारा आपल्या ठिकाणीं राहत नाहीं. ज्या खटल्यांत आरोपीनें न्यायाधीशास अगोदरच आपल्या घरीं जेवावयास नेलें आहे, त्या खटल्याचा निकाल काय लागावा? यावर आमचे स्नेही म्हणतील कीं, तर मग शुद्धीवर असतांनाच मात्रा ठरवावी आणि मग कांहीं झालें तरी तीहून अधिक घेऊं नये. हें बोलणें यथार्थ आहे. परदेशांतील आरोग्याधिकारीही हेंच सांगतात : थोड्यानें आरंभ करा, आणि घाई करूं नका. पण या उपदेशाचा अर्थ नीट पाहिला, तर त्याचा भार वस्तूवर नसून मनुष्याच्या वाट पाहण्याच्या शक्तीवर आहे, असें दिसून येईल. सारी मात्रा त्या दोन तासांत आहे. आणि ज्यास दोन तास शांतपणें वाट पाहतां येते, त्यास ती वस्तु बहुधा लागत नाहीं. ज्यास ती लागते, त्यास बहुधा वाट पाहवत नाहीं. तो डेन्व्हरचा विद्यार्थी मूर्ख नव्हता. त्यास प्रमाण सांगितलें होतें, व त्यानें तें प्रथम पाळिलेंही. वजनांत तो चुकला नाहीं, वेळेंत चुकला.

आतां हेतु. आमच्या मतें सर्वांत मोठा भेद येथें आहे. वेदना ही मात्रेस सीमा घालते. कर्करोगाच्या रोग्यास डॉक्टर मॉर्फीन देतात तेव्हां अल्पापासून आरंभ करितात, कळ किती थांबली तें विचारतात, आणि कळ थांबली म्हणजे तेथेंच थांबतात. तेथें ‘योग्य मात्रा’ या शब्दास अर्थ आहे, कारण ती कशास योग्य हें ठाऊक आहे, आणि मोजणाराची शुद्धि शाबूत आहे. टीएचसीचेंही असें औषध आहे : अमेरिकेंत १९८५ सालीं ड्रोनाबिनॉल या नांवाच्या गोळीस, कर्करोगावरील उपचारांत होणाऱ्या ओकाऱ्यांसाठीं, मान्यता मिळाली. अशा औषधास कोणी पाप म्हणेल, तर तो दुसऱ्याच्या दुखण्यापुढें आपलें मत मोठें मानतो. परंतु केवळ सुखासाठीं जें घ्यावयाचें, त्याची सीमा कोण दाखविणार? दुखणें ‘थांबलें’ असें म्हणतां येतें. सुख ‘पुरें झालें’ असें स्वतः होऊन कधीं म्हणत नाहीं. शिवाय संवयीनें शरीर दाद देईनासें होतें, आणि कालची पुरेशी वडी आज अपुरी वाटते. म्हणजे जी मात्रा शोधावयाची, ती शोधणाराबरोबर पुढें पुढें सरकत जाते. आपल्या सांवलीवर पाय देऊं पाहणाऱ्या मुलासारखी ही गोष्ट आहे.

यावरून आमचा निर्णय असा होतो. योग्य मात्रा आहे, परंतु ती वस्तूंत नाहीं. ती वस्तु, मापणारा आणि हेतु या तिघांच्या मेळांत आहे. जेथें हेतु दुखणें निवारण्याचा आहे व मापणारा दुसरा, जाणता आणि शुद्धीवर असलेला आहे, तेथें ती सांपडूं शकते. जेथें खाणारा, मापणारा व ‘आणखी’ म्हणणारा हे तिघे एकाच अंगरख्यांत आहेत, तेथें ती सांपडलीच तर दैवयोगानें सांपडेल. आणि दैवयोगास कोणी संयम म्हणत नाहीं. जे देश हे पदार्थ विकूं देतात त्यांचें आम्ही येथें न्यायाधीश होत नाहीं. पण त्यांनींही मिलिग्रॅम छापून, तुकडे पाडून, पुडक्यांवर खुणा करून, मनुष्याच्या ठायीं जो थांबणारा असावयास पाहिजे तो बाहेरून पुरविण्याचा यत्न केला आहे. यावरूनच कळतें कीं, उणीव कोठें आहे. आणि ती उणीव लहानांच्या बाबतींत तर पुरी प्राणघातक होऊं शकते : सहा वर्षांखालील मुलांनीं ही मिठाई खाल्ल्याच्या अमेरिकेंतील विषचिकित्सा केंद्रांकडे आलेल्या नोंदी २०१७ सालीं २०७ होत्या, त्या २०२१ सालीं ३०५४ झाल्या. मुलाच्या हातास मिठाई ही मिठाईच वाटते.

आतां ज्या गोष्टी आम्हीं त्या भगिनीस त्या संध्याकाळीं सांगावयास पाहिजे होत्या, त्या येथें सांगतों, म्हणजे आमच्या चुकीचा दुसऱ्या कोणास तरी उपयोग होईल. घरांत दुखणेकरी असेल तर पुडी कोणी आणून दिली म्हणून देऊं नये; दुखण्यावर मापून दिलेलीं औषधें आज मिळतात, आणि २०१४ सालीं आपल्या देशाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन मॉर्फीनसारखीं औषधें रोग्यांस मिळण्याची वाट पूर्वींपेक्षां सुलभ करण्यांत आली आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयांत जाऊन ‘दुखणें थांबविण्याचें औषध पाहिजे’ असें संकोच न धरितां मागावें. १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस यांस बंदी आहे. नुसतीं पानें त्या व्याख्येंत येत नाहींत, तरी महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याखालीं भांगेवरही परवान्याचें बंधन आहे, हेंही लक्षांत ठेवावें. सणाच्या दिवशीं कोणाच्या पेढ्यांत वा थंडाईंत थट्टेनें भांग घालणें ही थट्टा नव्हे. दुसऱ्याच्या बुद्धीवर त्याच्या नकळत हात टाकणें होय. कोणीं चुकून खाल्लें असेल तर वर आणखी कांहीं देऊं नये. त्यास शांत जागीं बसवावें, एकटें सोडूं नये, गाडी चालवूं देऊं नये, आणि हें कांहीं तासांनीं उतरेल असें त्यास पुन्हां पुन्हां सांगावें. छातींत दुखूं लागलें, श्वास मंदावला, किंवा शुद्ध हरपूं लागली, तर तत्काळ दवाखान्यांत न्यावें. खाणारें मूल असेल तर मुळींच वाट पाहूं नये, आणि काय खाल्लें तें डॉक्टरांपासून लाजेनें लपवूं नये. लपविलेल्या गोष्टीचा उपचार कोणासच करितां येत नाहीं.

त्या वृद्ध गृहस्थास पुढें आम्ही स्वतः रुग्णालयांत घेऊन गेलों. तेथील डॉक्टरीणबाईंनीं त्यास एवढेंच विचारिलें, “बाबा, किती दुखतें?” आणि त्याचें उत्तर होईपर्यंत त्या थांबल्या. मग औषध लिहून दिलें, आणि किती द्यावें, केव्हां द्यावें, काय झालें असतां पुन्हां यावें, हें त्याच्या पत्नीकडून दोनदां म्हणवून घेतलें. परत येतांना ती भगिनी गाडींत आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, मीं तुम्हांला हेंच विचारलें होतें.” आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मात्रा ठरविण्यापूर्वीं दुसऱ्याचें दुखणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें लागतें. तें आम्हीं ऐकलें नव्हतें, म्हणून आमच्या उपदेशाचीही मात्रा त्या दिवशीं चुकली होती.